ताई, तू काढा पीत होतीस

ताई, तुझ्या जलदानाच्या दिवसापर्यंत मी तुझ्यासाठी सरळ मनानं रडत होते. आता तसं रडता येत नाही. तुझा फोटो पुढच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवलाय. त्याच्यासमोरून जाताना मी मान वळवते. काल शेजारच्या सरोजाम्मा येऊन हार बदलून गेल्या. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आतच राहिले.

रागाची सुरुवात खरं तर दवाखान्यात झाली होती, पण तेव्हा त्याला जागा नव्हती. तुला ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तरुण होते, मंचेरियलकडचे, हिंदी-तेलुगू मिसळून बोलायचे. "इनको कब से है ये?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "उंदरांची अ‍ॅलर्जी आहे, सर. फार्मसी कॉलेजात शिकवतात, पांढऱ्या उंदरांवर प्रयोग करतात. पिंजऱ्यातल्या भुशानं खोकला येतो."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अ‍ॅलर्जी किसने बोला?"

"तीच म्हणाली."

"मुझे तो इन्होंने कुछ और बताया. हैदराबाद में दिखाया था, बोलीं. लंग्स कड़क हो रहे हैं, ठीक होने वाली चीज़ नहीं है. आप बहन हैं न? आपको नहीं मालूम?"

मी दार ढकललं. आत आले तर तू डोळे उघडून दाराकडेच बघत होतीस. मी विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण तुझी छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि त्यात प्रश्नाची भर घालावीशी वाटली नाही. तू मास्कच्या आडून काहीतरी बोललीस. मला 'खिडकी' असं ऐकू आलं. मी खिडकी उघडली, तू मान हलवलीस. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. सकाळ व्हायच्या आत तू गेलीस.

उंदरांची अ‍ॅलर्जी. किती सोपं खोटं निवडलंस. त्यावर मी शंका घेणारच नाही हे तुला ठाऊक होतं. मीच तर उंदरांच्या त्या खोलीत तुझ्याबरोबर असायची. भुसा बदलताना मलाही शिंका यायच्या. मी तुझ्यासाठी दोन पदरी मास्क शिवले, तू ते लावलेस. मी म्हटलं, उंदरांचं काम सोड, थिअरी घे. तू म्हणालीस, "सोडतो ना वं, पुढच्या वर्षी." माझ्या मास्कचं कौतुक करून तू कॉलेजातल्या दुसऱ्या मॅडमना दाखवत होतीस, तेव्हा तुझ्या फुफ्फुसांचं काय झालंय हे तुला माहीत होतं.

तरी मी समजून घेतलं. स्मशानातून परत आल्यावर मी स्वतःला सांगितलं की तुला मला त्रास द्यायचा नव्हता. माय गेली तेव्हा मी कशी झाले होते हे तू पाहिलं होतंस. मोठ्या बहिणी लपवतात. मी एवढ्यावरच थांबले असते, आणि तुझा फोटो आज मला बघवला असता.

मग कौसल्यामावशी आली.

जलदानाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली, तेव्हा ती नार्नूरच्या बसमधून उतरून पायी घरापर्यंत आली. तू तिला शेवटचं पाहिलंस त्यापेक्षा वाळली आहे. फोटोसमोर बसली, हात जोडले, आणि पिशवीतून पाल्याची जुडी काढून तिथं ठेवली. अडुळसा, भुईरिंगणी आणि ती वेलाची मुळी, केळीच्या सोपटानं बांधलेली. मला वाटलं मायची आठवण म्हणून आणलं असेल. मायच्या शेवटच्या दिवसांत तीच तर काढा करून पाठवायची.

मी म्हटलं, "मावशी, कायले आणलं वं हे?"

ती म्हणाली, "तिच्यासाठी तोडून ठिवलं होतं, माय. येणार होती ना थे. मंग बातमी आली. फेकू कशी?"

"कोनासाठी?"

"ताईसाठी. दर खेपेले न्यायची. शेवटीही तुले सांगतलं नाई का तिनं?"

आजूबाजूला पंगत बसली होती, कुणीतरी भात मागत होतं. मी मावशीला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. ताई, तिथं मोरीजवळ उभं राहून मी ते ऐकलं.

तुला कदाचित वाटेल, काढ्याचं एवढं काय. पण तू मला त्या काढ्यासाठी काय काय करायला लावलंस ते आठव. माय जिनिंगमध्ये कापूस उपसायची. आपण लहान होतो तेव्हा ती घरी यायची तर तिच्या भुवयांवरही पांढरं असायचं. आपण हसायचो, ती म्हातारीचं सोंग करायची. पुढं त्या कापसानं तिचा श्वास खाल्ला. मावशीच्या काढ्यानं तिला बरं वाटायचं. मी ते पाहिलंय. काढा पिऊन झाला की ती भिंतीला टेकायची आणि तिच्या गळ्यातली शिट्टी हळूहळू बसायची. ती गेल्यावर तू पीएचडीचा विषय घेतलास तो तोच: आपल्या भागातल्या काढ्यांचा सुजेवर आणि फुफ्फुसाच्या इजेवर काय परिणाम होतो. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. तू म्हणालीस, "झाडं तू ओळख. बाकीचं मी शिकवतो." आणि शिकवलंस. उंदीर कसा धरायचा की तो घाबरणार नाही, हे तूच माझ्या हातावर हात ठेवून शिकवलंस. मला अजूनही कुणी विचारलं की आयुष्यात सगळ्यात सुखाचं काय होतं, तर मी त्या खोलीतल्या दुपारी सांगेन. बाहेर ऊन, पत्र्यावर माकडं, आत आपण दोघी गप्प काम करत असायचो.

पंजाच्या सुजेवर काढा चालला. उंदराच्या पंजात सूज आणणारं औषध टोचायचं, आणि काढा दिलेल्या उंदरांची सूज कमी यायची. पुन्हापुन्हा केलं, तरी तेच. तू त्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमधून मिरची भजी आणलीस, ती आपण दोघींनी संपवली. मग फुफ्फुसाचं काम सुरू केलं. पहिल्या खेपेला तिथंही फरक दिसला. काचपट्ट्यांवर काढा दिलेल्या उंदरांची फुफ्फुसं मोकळी दिसत होती. मी तुला मिठी मारली होती. मला तेव्हा मायच दिसत होती.

तू मात्र मागं सरलीस. म्हणालीस, "कोणती काचपट्टी कोणत्या उंदराची, हे आपल्याले माहीत होतं, वंदू. आपण बघतो थेच, जे आपल्याले पाहिजे."

तू सगळं पुन्हा करायला लावलंस. या वेळी दुसऱ्या मॅडमनी पट्ट्यांवर नुसते आकडे टाकले आणि कोणता आकडा कशाचा ते त्यांच्याकडेच ठेवलं. तू सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगत गेलीस, मी लिहीत गेले. शेवटी जुळवून पाहिलं तर काहीच फरक नव्हता. काढा प्यायलेल्यांची फुफ्फुसं तशीच कडक, पाणी प्यायलेल्यांचीही तशीच.

त्यावरून आपण किती भांडलो. बसमध्ये, स्वयंपाकघरात, एकदा तर कापसाच्या बाजारात गाड्यांच्या रांगेत उभ्या राहून. मी म्हणायची, "उंदराचं फुफ्फुस म्हणजे माणसाचं नाई. मायले फरक पडत होता. म्या डोळ्यांनी पाह्यलं."

तू म्हणायचीस, "म्याही पाह्यलं. पण बरं वाटणं अन् बरं होणं एक नाई. एका माणसाले बरं वाटलं, याचा अर्थ एका माणसाले बरं वाटलं. बस. त्याच्यावर दुसऱ्याचा जीव नाई ठेवता येत."

हळूहळू मी मान्य केलं. ते सोपं गेलं असं तुला वाटलं असेल तर ते खरं नाही. मायला ज्यानं थोडा आराम दिला होता, ते माझ्या मनातून मी स्वतःच्या हातानं उपटून काढलं, तू म्हणालीस म्हणून. तू चुकत नाहीस, अवघड असलं तरी खरं तेच बोलतेस, असं मी धरून चालले होते. नंतर वर्गात मीही मुलांना तेच सांगायला लागले. तुझे शब्द, तुझाच आवाज.

आणि मग मावशीच्या गावाला जाऊन सांगायचं होतं. मावशीनं पाला देताना एकच मागितलं होतं, "काय निंगते थे आमाले सांगून जा." आपण कबूल केलं होतं. माझी परीक्षेची ड्यूटी लागली म्हणून तू एकटी गेलीस. संध्याकाळी आलीस, पाय धुतलेस, आणि मी विचारलं, "सांगतलं?"

"सांगतलं," म्हणालीस. "सुजेवर चालते, छातीवर नाई. वाईट वाटलं तिले, पण समजली."

मला तुझा किती अभिमान वाटला होता. मला ते तिच्या तोंडावर सांगता आलं नसतं.

मोरीजवळ उभं राहून मी मावशीला तेच विचारलं, "त्या दिवशी ताईनं तुले सांगतलं ना, काढा छातीवर चालत नाई म्हणून?"

मावशी म्हणाली, "नाई, बाप्पा. थ्या दिवशी तं तिनं मले काढा मांगतला. चुलीपाशी बसली, दोन वाट्या पेली. मंग म्हणे, मावशी, मले बांधून दे. हैदराबादच्या डॉक्टरनं सांगतलं म्हणे, औषध नाई याले. म्या म्हटलं, वंदूले सांगू का, थे आणून देईल तुले. तं म्हणे नको. म्या म्हटलं, काऊन, हासल का थे तुले? म्हणे, हासणार नाई मावशी. वंदू इस्वास ठेवल."

ताई, हे वाक्य मी रोज ऐकतेय. वंदू विश्वास ठेवेल. म्हणजे तुला ठाऊक होतं. तू पितेस हे कळलं असतं तर मी तुझं सगळं शिकवलेलं सोडून पुन्हा त्या काढ्यावर मन टेकवलं असतं, पाला तोडायला रोज गेले असते, आणि तू बरी होतेस असं मला दिसलंही असतं. तू मला वाचवत होतीस की स्वतःला, हे मला ठरवता येत नाही. तुला आशा हवी होती, पण ती माझ्याबरोबर वाटून घ्यायची नव्हती. माझ्याकडून काढून घेतलेली गोष्ट तू एकटी वापरत होतीस. मला त्या मोरीजवळ असं वाटलं की कुणीतरी घर रिकामं करून नेलंय.

पण मावशीचं बोलणं तिथंही संपलं नव्हतं. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यालेही आता थेच देतो. दवाखान्याच्या गोळ्यायनं त्याचं पोट जळत होतं. त्यानं पाह्यलं, येवढी शिकलेली पोट्टी, कालेजात तपासून राह्यली, अन् सोता पिऊन राह्यली. मंग त्यानं गोळ्या सोडल्या."

मावशीच्या म्हाताऱ्याला, पुंडलिकमामाला, क्षय आहे, ताई. तूच त्याला उटनूरच्या दवाखान्यात नेलं होतंस. बेडका तपासायला दिला तेव्हा तूच बाहेर बाकावर बसली होतीस. मधेच गोळ्या सोडल्या तर रोग उलटतो आणि मग त्याच गोळ्या लागू पडत नाहीत, हे तू त्याला बोटांवर मोजून समजावलं होतंस. त्यानं तुझं ऐकलं. नंतर त्यानं तुला काढा पिताना पाहिलं आणि तेही ऐकलं.

मी रात्रभर वाट पाहिली नाही. पाहुणे असतानाच मावशीबरोबर निघाले. सरोजाम्मा म्हणाल्या, आजच्या दिवशी घर सोडू नये. मी म्हटलं, ताईचंच काम आहे.

इंद्रवेल्लीच्या पुढं बसमध्ये मी मनात सगळं जुळवत होते. मामाला काय सांगायचं, कोणत्या क्रमानं सांगायचं. तू कसं सांगितलं असतंस, हे मी आठवून बघत होते, आणि तेवढ्यासाठीही मला तुझा राग येत होता. आता तू जे बोलायला हवं होतंस ते मला बोलायचं होतं आणि ते बोलायला मला तुझेच शब्द लागत होते. एकदा मनात आलं की सरळ म्हणावं, मामा, ताई काढा पीत होती आणि ताई मेली, बघा. पण ते म्हणता येणार नव्हतं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. तुझं मरणही मला वापरता येईना, असं करून गेलीस.

मामा ओसरीवर बसला होता, खांद्यावर टॉवेल. बरगड्या मोजता येतील असा. मला पाहून उठायला गेला तर खोकला आला, तो थांबेपर्यंत आम्ही दोघी उभ्याच राहिलो. टॉवेलवर लाल दिसलं. त्यानं तो घडी करून मांडीखाली सरकवला.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. उंदरांवर काय केलं, पहिल्यांदा काय दिसलं, पुन्हा केल्यावर काय निघालं. सुजेवर चालतो, छातीवर नाही. क्षयाच्या जंतूवर तर आम्ही तपासलाच नाही. त्याला गोळ्याच लागतात. मावशी चुलीपाशी बसून ऐकत होती. तिच्याकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं. हे तिला ताईनं सांगितलंय असं समजून मी इतके दिवस तिला भेटत आले होते, सणाला तिच्या हातचं खाऊन गेले होते.

तीच आधी बोलली. "म्हणजे तुयी माय..."

मी म्हटलं, "मायले तुया हातानं बरं वाटत होतं, मावशी. थे खोटं नाई. पण तिची छाती बरी नाई झाली."

मावशीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तिनं वाद घातला नाही. मला वाटतं, तुला ज्याची भीती होती ते एवढंच होतं, ताई. लाकूड मागं ओढणारी एक बाई. मामाचं रक्त टाळण्यापुरतं तरी तू हे सोसायला हवं होतंस. याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. पुढं करेन की नाही, माहीत नाही.

मामा पुढं सरकून बसला. मग म्हणाला, "मंग ताई काऊन पेत होती? तिले तं सारं ठाव होतं."

याचं उत्तर मी बसमध्ये तयार केलं नव्हतं. तो खोचकपणे विचारत नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि गोळ्या घ्यायच्या की नाही हे त्या उत्तरावर अडलं होतं. मी काहीतरी शास्त्राचं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं ते असं, "भेली होती थे, मामा. तिच्या रोगाले गोळ्या नव्हत्या. तुमच्या रोगाले हायेत."

त्यानं मान हलवली. बायकोला म्हणाला, "माया सदरा दे."

उटनूरला नर्सनं तेलुगूत त्याला चांगलंच फैलावर घेतलं. गोळ्या का सोडल्या, घरात नातवंडं आहेत ना. मामा खाली मान घालून ऐकत राहिला, तुझं नाव त्यानं घेतलं नाही. मीही घेतलं नाही. आता त्याला गोळ्यांबरोबर सुयाही चालू केल्यात. डॉक्टर म्हणाले, सोडल्यामुळं वेळ जास्त लागेल, लागू पडतील असं धरून चालू. मी दर आठवड्याला जाते. मावशी अडुळसा अजून उकळते, गोळ्यांवरून घोटभर प्यायला, घशाला बरं वाटतं म्हणून. तेवढं मी चालू दिलंय. तू असतीस तर भांडली असतीस, आणि मी तुला उलट विचारलं असतं की कोणत्या तोंडानं भांडतेस.

ते विचारायचं राहिलं. खूपच राहिलं. मावशीकडे मागायच्या आधीही कधी प्यायली होतीस का, त्या पट्ट्या बघायच्याही आधी? बरं वाटायचं का? प्रयोगशाळेत माझ्याशेजारी बसून मुलांना 'बरं वाटणं आणि बरं होणं' समजावताना तुझ्या पोटात तोच काढा असायचा का? हैदराबादहून आलीस त्या दिवशी मी स्टँडवर घ्यायला आले होते. तू मला बांगड्या आणल्या होत्या, हिरव्या. रिक्षात बसून तू माझा हात धरला होतास आणि घर येईपर्यंत सोडला नव्हतास. मला वाटलं, प्रवासानं दमलीस.

तेव्हा बोलायला हवं होतंस, ताई. फुफ्फुसाच्या रोगाचं नाव, डॉक्टरचं मत, काढ्याचं काय, यातलं काहीसुद्धा सांगितलं नसतंस तरी चाललं असतं. नुसतं म्हणायचं होतंस, वंदू, मले भेव लागते. मी तुला पुरावा मागितला नसता.